इलेक्ट्रोपोरेटर नाही. नुसता डीएनए मिसळून बॅसिलसचा जीन काढता येतो का?

प्राची_उदगीर

नमस्कार सगळ्यांना. मी उदगीरला एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये मला बॅसिलस सबटिलिसच्या 168 या प्रयोगशाळेतल्या जातीमधला अमायलेजचा जीन, म्हणजे एमी-ई, काढून त्याच्या जागी क्लोरॅम्फेनिकॉल-प्रतिरोधाचा जीन बसवायचाय. एमी-ई निवडला कारण अमायलेज स्टार्च तोडतं, म्हणून तो गेला की राहिला हे स्टार्चच्या प्लेटवर आयोडीन ओतलं की डोळ्यांनी दिसतं. आता सिक्वेन्सिंगला पाठवण्याइतके पैसे नाहीत.

आमच्याकडे पीसीआर मशीन आहे, जेल चालवता येतं, ऑटोक्लेव्ह आहे, एक जुना शेकर आहे. इलेक्ट्रोपोरेटर नाही. मला सांगण्यात आलं की विजेच्या झटक्याने डीएनए पेशीत घुसवणाऱ्या त्या मशीनशिवाय हे काम होत नसतं, विषय बदल. पण मी वाचलंय की बॅसिलस सबटिलिस बाहेरचा डीएनए स्वतःच आत घेतो. मग मशीन कशाला लागेल? म्हणून विषय बदलला नाही, आणि आता तीन महिने झाले, एक कॉलनी येईना.

काय काय केलं ते जसंच्या तसं सांगते, म्हणजे चूक कुठे आहे ते तुम्हाला दिसेल.

पहिल्यांदा ई. कोलायला करतो तसं केलं. कॅल्शियम क्लोराइडने धुतलं, बर्फात ठेवलं, 42 अंशांवर दीड मिनिट, परत बर्फ. काहीच नाही.

दुसऱ्यांदा मिनिमल मीडियम बनवलं. फॉस्फेटचे क्षार, ग्लुकोज, सायट्रेट, मॅग्नेशियम आणि केसिन हायड्रोलायझेट. त्यात जिवाणू वाढलेच नाहीत. रात्रभर ठेवलं तरी फ्लास्क पाण्यासारखा स्वच्छ.

तिसऱ्यांदा एलबीमध्ये, म्हणजे भरपूर अन्न असलेल्या मीडियममध्ये वाढवलं, ओडी (कल्चरचा गढूळपणा) 0.6 झाल्यावर डीएनए मिसळला, दोन तास हलवलं, क्लोरॅम्फेनिकॉलच्या प्लेटवर पसरलं. काही नाही.

डीएनए म्हणजे पीसीआरचा सरळ तुकडा. मध्ये क्लोरॅम्फेनिकॉलचा जीन, दोन्ही टोकांना एमी-ईशी जुळणारे 45-45 बेस (डीएनएची अक्षरं). ते प्रायमरमध्येच टाकले होते. तुकडा टीई बफरमध्ये विरघळवलाय. एका वेळी 200 नॅनोग्राम वापरला.

अजून एक. आमच्या बाबांच्या शेतातून, तुरीच्या मुळाजवळच्या मातीतून, मी एक बॅसिलस वेगळा केलाय. फॉस्फेट चांगलं विरघळवतो. 16-एस या ओळख पटवणाऱ्या जीनवरून सबटिलिसच्या गटातला निघाला. 168 मध्ये जमलं तर पुढे त्याच्यातही हेच करावं अशी माझी खूप इच्छा आहे. ते शक्य आहे का?

कंधारची_माती

प्राची, विषय बदलला नाहीस हे बरं केलंस. इलेक्ट्रोपोरेटरची काही गरज नाही. मी बॅसिलसवर बारा वर्षं काम करतेय आणि 168 साठी इलेक्ट्रोपोरेटरला मी हातसुद्धा लावलेला नाही. तू इतकं नीट लिहिलंस म्हणून मलाही नीट उत्तर देता येतंय.

आधी मूळ गोष्ट. कॅल्शियम क्लोराइड आणि उष्णतेचा धक्का ही ई. कोलायवर केलेली जबरदस्ती आहे. तो एरवी डीएनए घेत नाही, म्हणून आपण त्याच्या भिंती हलवतो. बॅसिलसचं तसं नाही. त्याच्याकडे डीएनए आत ओढण्याची स्वतःची यंत्रणा आहे, पण ती तो कायम मांडून बसत नाही. खायला कमी पडू लागलं आणि आजूबाजूला गर्दी झाली की पेशी एकमेकींना एका छोट्या पेप्टाइडचा इशारा देतात, त्यातून पुढे कॉम-के नावाचं प्रथिन साठतं, आणि कॉम-के वर चढलं की डीएनए पकडणारी सगळी यंत्रणा उभी राहते. तेही सगळ्या पेशींत नाही. 168 मध्ये साधारण 10 ते 20 टक्के पेशी तयार होतात, बाकीच्या नाहीत.

तू शेतकऱ्याची मुलगी आहेस म्हणून सांगते, हा वापसा आहे. पाऊस पडला त्याच दिवशी चिखलात पेरत नाही, आणि जमीन भेगाळल्यावरही पेरत नाही. मधे एक वेळ असते. एलबीमध्ये ओडी 0.6 ला तुझे जिवाणू चिखलात होते. पोटभर खाऊन विभागत होते. त्यांना डीएनएची गरजच नव्हती.

आता तुझा दुसरा प्रयोग, कारण खरं तर तो बरोबर रस्त्यावर होता. फ्लास्क स्वच्छ राहिला त्याचं कारण ट्रिप्टोफॅन. 168 ही जात 1947 मध्ये येल विद्यापीठात बर्कहोल्डर आणि जाइल्स यांच्या कामातून आली. क्ष-किरणांच्या माऱ्यातून मिळालेल्या उत्परिवर्तकांपैकी ती एक. तिच्या ट्रिप-सी जीनमधले तीन बेस गळालेले आहेत, त्यामुळे तिला ट्रिप्टोफॅन स्वतः बनवता येत नाही. तुला वाटलं असेल केसिन हायड्रोलायझेटमध्ये सगळी अमिनो आम्लं असतात. नसतात. केसिन आम्लात शिजवून ते बनवतात आणि त्या शिजण्यात ट्रिप्टोफॅन नष्ट होतं. म्हणून ते वेगळं घालावं लागतं, मिलिलिटरला 50 मायक्रोग्रॅम. ऑटोक्लेव्ह करू नकोस, फिल्टरमधून गाळ, आणि बाटलीला फॉइल गुंडाळून अंधारात ठेव.

मग असं कर. ताज्या प्लेटवरच्या कॉलनीपासून सकाळी त्याच मिनिमल मीडियममध्ये सुरुवात कर. 100 मिलीच्या फ्लास्कमध्ये 10 मिलीपेक्षा जास्त भरू नकोस, त्याला हवा भरपूर लागते. 37 अंश, शेकर जोरात. दर अर्ध्या तासाला ओडी घे आणि सेमी-लॉग कागदावर मांड. सरळ वर जाणारी रेघ जिथे वाकायला लागते ती वेळ लिहून ठेव. तिथून साधारण दीड ते दोन तासांनी वापसा येतो. तेव्हा थोडं कल्चर वेगळ्या नळीत घे, डीएनए घाल, दीड-दोन तास तसंच हलवत ठेव, मग प्लेटवर पसर. क्लोरॅम्फेनिकॉल मिलिलिटरला 5 मायक्रोग्रॅमच ठेव. ई. कोलायचं प्रमाण बॅसिलसला चालत नाही, तितक्यात चांगली कॉलनीही मरेल.

तुझ्या डीएनएबद्दल. 45 बेसची टोकं ही ई. कोलायच्या लॅम्डा रेडची पद्धत आहे, तिथे फाजचं (जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूचं) प्रथिन मदतीला असतं. इथे डीएनए आधी पेशीच्या पृष्ठभागावर चिकटतो, तिथे त्याचे काप होतात, मग दोन धाग्यांपैकी एकच धागा आत जातो आणि दुसरा बाहेरच तुकडे होऊन संपतो. आत गेलेल्या धाग्याला रेक-ए हे प्रथिन घेऊन गुणसूत्रावर त्याची जागा शोधतं. या सगळ्या ओढाताणीत 45 बेस टिकत नाहीत. दोन्ही बाजूंना निदान 500, जमलं तर 1000 बेस हवेत. तुझ्याकडे पीसीआर आहे ना? डावी बाजू, प्रतिरोधाचा जीन, उजवी बाजू असे तीन तुकडे वेगवेगळे काढ, प्रायमरमध्ये वीस-पंचवीस बेस एकमेकांवर येतील असे ठेव, आणि चौथ्या पीसीआरमध्ये तिन्ही जोड. मायक्रोग्रॅमभर डीएनए घाल. टीईमध्ये नको, पाण्यात विरघळव. टीईमधलं ईडीटीए मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि डीएनए आत जायला मॅग्नेशियम लागतं.

तुकडा सरळच असू दे, प्लास्मिड करू नकोस. गोल डीएनए एका ठिकाणी जुळला तर अख्खा आत शिरतो आणि एमी-ईची एक चांगली प्रत शिल्लक राहू शकते. सरळ तुकड्याला दोन्ही बाजूंनी जुळावंच लागतं.

पण हे सगळं करायच्या आधी एक प्रयोग कर, त्याला अँटिबायोटिकही लागत नाही, पीसीआरही नाही. ज्या बॅसिलस सबटिलिसला ट्रिप्टोफॅन लागत नाही त्याचा जीनोमिक डीएनए काढ आणि तो 168 ला दे. मग ट्रिप्टोफॅन नसलेल्या मिनिमल प्लेटवर पसर. ज्या पेशीने चांगला ट्रिप-सी घेतला तीच वाढेल. शेजारी दोन प्लेटा ठेव: एकीत डीएनए घातलाच नाही, दुसरीत डीएनएला आधी डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) लावून संपवलाय. 168 मधले तीन बेसच गळालेले असल्यामुळे ती आपोआप दुरुस्त होत नाही, म्हणून कोऱ्या प्लेटवर विश्वास ठेवता येतो. जॉन स्पिझायझन यांनी 1958 मध्ये हेच दाखवलं होतं, आणि त्याच कामामुळे आज जगभर 168 वापरतात. या प्लेटवर कॉलनी आल्या की तुझे जिवाणू, मीडियम आणि वेळ, तिन्ही बरोबर आहेत हे कळेल. मग पुढे काही बिघडलं तर दोष तुकड्याचा.

आणि हा डीएनए कुणाचा घ्यायचा? तुझ्या बाबांच्या शेतातल्या बॅसिलसचा घेऊन बघ. 16-एसवरून सबटिलिस आणि त्याचे जवळचे भाऊबंद नीट वेगळे ओळखू येत नाहीत. पण क्रम जसजसे वेगळे होत जातात तसतसं हे ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे बाहेरचा डीएनए घेऊन पेशी बदलणं, झपाट्याने कमी होतं. भरपूर कॉलनी आल्या तर तो खरंच जवळचा आहे. एकही आली नाही तर जरा लांबचा.

त्याच्यात जीन काढण्याबद्दल मात्र आत्ताच आशा लावू नकोस. 168 प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढलेली, डीएनए सहज घेणारी जात आहे. रानातल्या जाती बहुतेक अवघड असतात. 3610 ही 168 ची जुनी नातेवाईक, तिच्यात एक मोठं प्लास्मिड आहे आणि त्यावरचं कॉम-आय नावाचं छोटंसं प्रथिन ही यंत्रणाच दाबून ठेवतं. हे 2013 मध्ये समजलं. तोपर्यंत लोक अंदाजच बांधत होते. तिच्यात बदल करायचे तर आधी 168 मध्ये करतात आणि एसपीपी-1 या फाजवर बसवून नेतात. तुझ्या जिवाणूत काय अडथळा असेल हे काम करूनच कळेल.

लॅबकाका_अंबाजोगाई

ताईंनी सगळं सांगितलंच आहे. मी 24 वर्षं झालं लॅब असिस्टंट म्हणून काम करायलो, त्यातलं चार गोष्टी सांगतो. पुस्तकात नसतात त्या.

पोरी, तू हे कोणत्या महिन्यात केलंस? मार्च-एप्रिल असेल तर तुझा इनक्युबेटर 37 वर नव्हताच. साधा इनक्युबेटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. खोलीत 41 असलं तर आत 37 कुठून येईल? बाहेरच्या आकड्यावर जाऊ नको, आत एका पाण्याच्या बीकरमध्ये थर्मामीटर ठेवून बघ. मी उन्हाळ्यात असली कामं पहाटे पाचला सुरू करतो, अकरा-बारापर्यंत उरकतो. ताई म्हणतात त्या हिशोबाने तुझं सगळं त्यात बसतं.

दुसरं, लाईट. शेकर वीस मिनिटं बंद पडला तरी बॅसिलस गुदमरतो आणि ती वेळ हातची जाते. लोडशेडिंगचं वेळापत्रक आधी बघून मगच कल्चर लाव. आमच्याकडे इन्व्हर्टर फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरला होता, मी भांडून एक लाईन शेकरला घेतली. त्यानंतरच आमच्याकडं रिझल्ट यायला लागले.

तिसरं, पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. फॉस्फेटच्या मीडियमला ते चुकून लागलं तर ऑटोक्लेव्हमधून पांढरा गाळ घेऊनच बाहेर येतं. डिस्टिल्ड म्हणून कॅनमध्ये भरून ठेवलेलं असतं त्यावरही विश्वास ठेवू नको, कितीदा बोअरचंच भरलेलं असतं. स्वतः दोनदा डिस्टिल करून घे. मॅग्नेशियमचं द्रावण वेगळं ऑटोक्लेव्ह कर आणि थंड झाल्यावर घाल.

ओडीसाठी स्पेक्ट्रो नसला तरी चालतंय, कलरीमीटरवर लाल फिल्टर लावून घे. आकडा कागदावरल्या आकड्यासारखा येणार नाही, पण तुला आकडा नकोय, रेघ कुठं वाकते ते पाहिजे.

आणि आयोडीन ओतायच्या आधी प्रत्येक कॉलनी दुसऱ्या साध्या प्लेटवर ठिपका देऊन ठेव. आयोडीनखाली गेलेली कॉलनी परत वाढत नाही. एका मुलीनं सहा महिन्यांचं काम असं घालवलेलं मी बघितलंय, रडत होती बिचारी.

प्राची_उदगीर

काका, एप्रिलच होता. आत्ता जाऊन थर्मामीटर ठेवला. बाहेर 37 दिसतंय, आत 40.5.

ताई, ट्रिप्टोफॅनचं वाचून मी फाइल काढून बघितली. ज्या कृतीवरून मीडियम केलं त्यात ते खाली वेगळ्या ओळीत लिहिलेलं होतं. मला वाटलं केसिनमधून मिळेल, म्हणून मीच खर्च वाचवला.

ट्रिप-सीचा प्रयोग पुढच्या आठवड्यात लावते. एक विचारू का? पेशीला डीएनएची गरज भूक लागल्यावर का असते? ती डीएनए खाते का?

कंधारची_माती

चांगला प्रश्न आहे आणि यावर जाणत्या लोकांचंही एकमत नाही. काहींच्या मते तो आहारच आहे, त्यातले बेस आणि फॉस्फेट वापरता येतात. काहींच्या मते तुटलेलं गुणसूत्र दुरुस्त करायला नमुना म्हणून. काहींच्या मते नवे जीन मिळवायला. मला स्वतःला दुरुस्ती आणि नवे जीन या बाजूचं जास्त पटतं. नुसतं खायचंच असतं तर आत आलेला धागा जपून ठेवणारी प्रथिनं कॉम-केने त्याच वेळी कशाला बनवली असती? पण प्रत्येक जिवाणूचं वेगळं आहे. पटकीचा जिवाणू खेकडे-कोळंबीच्या कवचातलं कायटिन मिळालं की डीएनए घ्यायला लागतो, हे 2005 मध्ये दिसलं. हिमोफिलस सगळा डीएनए घेत नाही, आपल्याच जातीची नऊ बेसची खूण ओळखून घेतो. असिनेटोबॅक्टर बेलाय मात्र कसलीही अट घालत नाही, साध्या एलबीत वाढत असतानाच कुठलाही डीएनए घेतो. 2023 मध्ये त्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून सुटलेला डीएनए ओळखायला लावलं, उंदरांमध्ये. त्याने गाठीतला जीन उचलला आणि त्यामुळे तो अँटिबायोटिकवर वाढू लागला. म्हणजे प्लेटवर कॉलनी आली की गाठ आहे हे समजणार. मी तो लेख एका रात्रीत तीनदा वाचला.

आणि बॅसिलस किती घेऊ शकतो? जपानमध्ये मित्सुहिरो इताया यांच्या गटाने 2005 मध्ये सिनेकोसिस्टिस या निळ्या-हिरव्या जिवाणूचा जवळजवळ अख्खा जीनोम, 35 लाख बेस, 168 च्या 42 लाख बेसच्या जीनोममध्ये बसवला. तुकड्या-तुकड्याने, याच नैसर्गिक ट्रान्सफॉर्मेशनने. एक तुकडा बसला की त्याच्या टोकाला जुळणारा पुढचा तुकडा. विहीर बांधताना कड्यावर कडं चढवतात तसं. तू जे 45 बेसने करायला निघाली होतीस त्याच दारातून एवढं सगळं आत गेलं.

मंठ्याचा_शेतकरी

राम राम. मी जालना जिल्ह्यातला, सोयाबीन आन् तूर करतो. दरवर्षी पेरणीच्या आधी बियाण्याला रायझोबियम आन् स्फुरद विरघळवणारं कल्चर लावतो. हे सगळं वाचायलो, निम्मं समजलं, पण दोन गोष्टी विचाराव्या वाटल्या.

एक, ह्या ताई शेतातल्या जिवाणूचा जीन बदलून परत शेतात सोडणार का? आपल्या जमिनीत असं काय सोडायचं म्हणजे आधी विचारलं पाहिजे ना कुणाला तरी?

दोन, जिवाणू आपल्या आपण डीएनए घेत असतील तर मग जमिनीत हे आधीपासून चालूच असंल की. आपल्या काळ्या रानात बी होत असंल का?

कंधारची_माती

दादा, पहिला प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं झालं. प्राची, हे तुझ्यासाठीही आहे.

नाही, असं काही सोडायचं नाही. भारतात पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 1989 चे नियम आहेत. त्यांत जनुक अभियांत्रिकीची व्याख्या मोठी आहे. बाहेरचा जीन घालणं तर आहेच, पण स्वतःच्याच जातीचा डीएनए घालणं आणि स्वतःचा जीन काढून टाकणंही त्यात धरलंय. त्यामुळे ‘मी फक्त एक जीन काढलाय, बाहेरचं काही घातलं नाही’ हे उत्तर चालत नाही. प्रयोगशाळेत काम करायलासुद्धा संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. 168 सारख्या निरुपद्रवी जातीवरचं हे काम सगळ्यात खालच्या धोक्याच्या गटात येतं, परवानगीची कटकट फार नाही, पण समितीला कळवलेलं असावं. प्राची, आधी तुझ्या मार्गदर्शकांना हे विचार आणि त्याची नोंद प्रोजेक्टमध्ये ठेव. शेतात सोडायचं तर जीईएसी ही केंद्राची जनुक अभियांत्रिकी मूल्यांकन समिती आणि खूप लांबची प्रक्रिया. संपलेल्या प्लेटा आणि कल्चर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय सिंकमध्येसुद्धा ओतायचं नाही. तुझ्या तुकड्यात अँटिबायोटिकचा प्रतिरोध आहे, तो मातीत जाता कामा नये.

दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे, आणि तुमच्या काळ्या रानाबद्दल तर विशेष. आपली काळी माती पाऊस पडला की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ती माँटमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीमुळे. मेलेल्या पेशींतून सुटलेला डीएनए या चिकणमातीला चिकटून बसतो. 1992 मध्ये खन्ना आणि स्टॉट्झ्की यांनी नेमकं हेच तपासलं. माँटमोरिलोनाइटला चिकटवलेल्या डीएनएनेही बॅसिलस सबटिलिसचं ट्रान्सफॉर्मेशन होतं, आणि चिकटलेला डीएनए डीएनेजपासून बराच वाचतो. म्हणजे प्राची नळीत जे करायला बघतेय त्याला लागणारा जिवाणू आणि त्याला लागणारी माती, दोन्ही तुमच्या धुऱ्यावर आहेत. पण ते आपल्या गतीने होतं, लाखो पेशींत एखाद्या वेळी, आणि जवळच्या नात्यातल्या जातींमध्येच जास्त. म्हणून आपण वरून काय टाकतो याची काळजी जास्तच घ्यायची. टाकलेला जीन तिथेच राहील असं धरून चालता येत नाही.

मंठ्याचा_शेतकरी

समजलं ताई. माझ्या रानाची भेग बघितली की आता हे आठवंल. पोरीला यश येऊ द्या.

प्राची_उदगीर

पाच आठवड्यांनी लिहितेय. मार्गदर्शकांशी बोलले, आमच्या कॉलेजला समिती नाही, जवळच्या संस्थेच्या समितीकडून नोंद करून घेतली. त्यात तीन आठवडे गेले. तोवर मीडियम, पाणी आणि रेघ एवढंच करत होते. बाहेरचा डीएनए कोणत्याही जिवाणूला दिला नाही.

पहाटे पाचला सुरू करायचं काकांचं खरं ठरलं. वॉचमन काकांना आदल्या दिवशी सांगून ठेवत होते. रेघ पहिल्या दिवशी नीट दिसलीच नाही, दुसऱ्या दिवशी सव्वाआठला वाकली. सारखी तीन दिवस काढली, तिन्ही वेळा दहा मिनिटं इकडे-तिकडे. नोंद झाल्यावर वाकण्यापासून पावणेदोन तासांनी डीएनए घातला.

डीएनए न घातलेली प्लेट कोरी. डीएनेजवाली कोरी. बाबांच्या शेतातल्या बॅसिलसचा डीएनए दिलेल्या प्लेटवर दोन दिवसांनी 61 कॉलनी. मी तिथेच खाली बसले. बाबांना फोन केला, त्यांना म्हटलं तुमच्या तुरीच्या मुळातल्या जिवाणूचा एक जीन ह्या परदेशी जातीनं घेतला आणि ती आता उपाशी मरत नाही. ते म्हणाले, मग आपलाच वाण झाला की.

त्यानंतर तीन तुकडे जोडले. जोडायचा पीसीआर दोनदा फसला, तिसऱ्यांदा तापमान दोन अंशांनी कमी केल्यावर जेलवर एकच ठसठशीत पट्टा आला. पाण्यात विरघळवला, मायक्रोग्रॅमभर घातला. क्लोरॅम्फेनिकॉलवर 14 कॉलनी. काका, चौदाच्या चौदा आधी दुसऱ्या प्लेटवर ठिपके देऊन ठेवल्या. मग आयोडीन ओतलं. साध्या 168 भोवती स्वच्छ कडं, आणि 13 ठिपके तळापर्यंत काळे-निळे, कडं नाही. एकाभोवती बारीकसं कडं आहे.

त्या एकाचं काय करू? आणि बाकीचे 13 कसे जपून ठेवू? आमच्याकडे उणे 80 चा फ्रीजर नाही, फक्त उणे 20.

कंधारची_माती

चौदापैकी तेरा. प्राची, मी हे वाचून माझ्या विद्यार्थ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

तो एक फेकू नकोस, पण त्यावर वेळही घालवू नकोस. बहुधा ठिपक्यात साध्या 168 च्या पेशी मिसळल्यात. क्लोरॅम्फेनिकॉलच्या प्लेटवर दोनदा स्ट्रीक करून एकेकटी कॉलनी घे आणि परत आयोडीन. कडं गेलं तर तेच होतं. तेरांपैकी तीन-चारांचा पीसीआर मात्र कर. प्रायमर तुझ्या 1000 बेसच्या टोकांच्याही बाहेरचे घे, आतले घेतलेस तर कुठे जाऊन बसलाय ते कळणार नाही. मूळ 168 आणि नवीन, दोन्ही एकाच जेलवर शेजारी-शेजारी चालव.

लॅबकाका_अंबाजोगाई

शाब्बास पोरी.

उणे 20 ला ग्लिसरॉल स्टॉक काही महिनेच पुरतो, वर्षभर भरवसा नको. पण तुझा बॅसिलस आहे, तो स्पोर (टणक बीजाणू) करतो, त्याला फ्रीजरची एवढी गरज नाही. जुनी प्लेट चार-पाच दिवस 37 ला ठेव, स्पोर होऊ दे, निर्जंतुक पाण्यात खरवडून घे. फिल्टर पेपरचे छोटे गोल कापून ऑटोक्लेव्ह करून वाळव, त्यावर एकेक थेंब टाक, पूर्ण सुकव, आणि स्क्रूच्या नळीत सिलिका जेलसोबत बंद कर. साध्या कपाटात वर्षानुवर्षं राहतंय. माझ्याकडं 2009 चे आहेत, अजून वाढतात.

दोन संच कर. एक तुझ्याकडं, एक मार्गदर्शकांकडं. नळीवर पेन्सिलीनं लिही, मार्करची शाई स्पिरिटच्या हातानं पुसून जाते. जात, कोणता जीन काढला, तारीख. आणि तो 61 मधला एक बी ठेव, बाबांच्या शेताचं नाव लिहून.